ज्यांची हुर्यो उडाली

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाजणीचे प्रमाण विचाराल तर पाठ म्हणून दाखवीन, पण लेख लिहिणे हे माझे काम नव्हे. तशा त्या म्हणाल्या, "दर शुक्रवारी भजन संपल्यावर तुम्ही आम्हांला हॉकीच्या, कुस्तीच्या आणि सिनेमातल्या खाष्ट बायकांच्या गोष्टी सांगता ना? त्याच लिहा. नुसत्या गोष्टी नकोत, सनावळीसुद्धा घाला. म्हणजे इतिहास होईल." म्हणून हे धाडस. चुकलेमाकले तर सांभाळून घ्यावे.

माझ्या या तीन आवडींना आमच्या घरी सगळे हसतात. आमचे हे म्हणतात, "हॉकीची काठी, कुस्तीचा आखाडा आणि मंथरा, यांचा मेळ कसा बसायचा?" मलाही पुष्कळ वर्षे तो बसवता येत नव्हता. अलीकडे कळला. तो कसा कळला, आणि कळेपर्यंत माझ्या हातून काय चूक झाली, तेच सांगायला बसले आहे.

आधी मंथरेची गोष्ट. माझे माहेर पुण्याजवळ खडकीला. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला होते आणि आम्ही कारखान्याच्या वसाहतीत राहत होतो. १९८७ च्या जानेवारीत दूरदर्शनवर रामायण सुरू झाले तेव्हा मी सात वर्षांची होते. आमच्या ओळीत दूरचित्रवाणी संच एकाच घरी. रविवारी सकाळी सगळ्या बायका न्हाऊनधुऊन त्या घरी जमत. कोणी संचाला हार घाली, कोणी उदबत्ती लावी. राम दिसला की हात जोडले जात. आणि पाठीला कुबड असलेली, एक डोळा बारीक झालेली मंथरा काठी टेकीत आली की त्याच बायका कडाकडा बोटे मोडीत. एकजण तर चक्क संचापुढे थुंकली होती, मग घरमालकिणीने तिच्याकडूनच फरशी पुसून घेतली.

मला मात्र मंथराच आवडायची. ती आली की खोलीतली कुजबूज थांबायची. राम आला की सगळे हात जोडायचे खरे, पण मधूनच कोणी तांदूळही निवडायचे. मंथरा बोलायला लागली की तांदळावरचा हात थांबायचा. हे मी आजीला सांगितले, तर तिने पाठीत धपाटा घातला आणि म्हणाली, "चांडाळणीचे गुण घेऊ नकोस!"

ही मंथरा म्हणजे ललिता पवार. जन्म १९१६ चा, आपल्याच नाशिक जिल्ह्यात येवल्याला. त्यांचे पाळण्यातले नाव अंबा. पैठण्यांच्या गावची ही मुलगी मूकपटांच्या काळात लहानपणीच पडद्यावर आली आणि पुढे नायिका झाली. हो, नायिका! आपल्याला त्यांचा तो बारीक झालेला डोळाच माहीत, म्हणून हे खरे वाटत नाही. १९४२ साली एका चित्रपटाच्या चित्रीकरणात भगवानदादांनी त्यांच्या थोबाडीत मारायची होती. भगवानदादा तेव्हा नवखे होते. हात जोराचा बसला. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, दीर्घ उपचार झाले, पण डावा डोळा पहिल्यासारखा झाला नाही. नायिकेची कामे संपली. वय अवघे सव्वीस.

इतर कोणी असती तर घरी बसली असती. या बाईंनी तोच डोळा कामाला लावला. १९४४ साली प्रभातचा 'रामशास्त्री' निघाला, त्यात त्या आनंदीबाई झाल्या. 'ध' चा 'मा' करणारी आनंदीबाई आपण शाळेत शिकलो. ती पडद्यावर दाखवली ती ललिताबाईंनी. १९५० च्या 'दहेज'मध्ये हुंड्यापायी सुनेला छळणारी सासू त्याच. तेव्हापासून हिंदी सिनेमात खाष्ट सासू म्हटले की ललिता पवार, असे समीकरण होऊन बसले. खरे म्हणजे त्यांनी सगळीच कामे केली. 'श्री ४२०' मधली प्रेमळ केळेवाली त्याच, आणि 'अनाडी' मधल्या मिसेस डिसाही त्याच. वरून फणस, आतून गरे. 'अनाडी'साठी त्यांना फिल्मफेअरचे पारितोषिक मिळाले. १९६१ साली संगीत नाटक अकादमीने त्यांचा गौरव केला. हे १९६१ साल जरा ध्यानात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

त्यांच्यामागून आपल्या सोलापूरच्या शशिकला आल्या. जवळकरांची मुलगी. घरची स्थिती बिघडली म्हणून लहानपणीच काम शोधायला निघाली. आधी चांगल्या मुलीची कामे केली, पण नाव झाले ते भुवई उंचावून, तिरके हसून दुसरीच्या संसारात विष कालवणाऱ्या बाईचे काम केल्यावर. 'आरती' आणि 'गुमराह' या दोन चित्रपटांसाठी त्यांना लागोपाठ दोन वर्षे फिल्मफेअर मिळाले. गंमत अशी की पडद्यावर घरे मोडणारी ही बाई पुढे कित्येक वर्षे मदर तेरेसांच्या आश्रमात रुग्णांची सेवा करीत होती. २००७ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये त्या वारल्या.

मी मनाशी एक विचार करीत असे. 'दहेज' पाहून लोकांनी सासूला शिव्या दिल्या. पण शिव्या देणाऱ्यांपैकी कितीजणांनी घरी जाऊन हुंडा परत केला असेल? वाईट बाईला पडद्यावर नावे ठेवली की घरातले वाईट झाकले जाते. ललिताबाईंनी आयुष्यभर लोकांच्या शिव्या खाल्ल्या आणि त्यावर स्वतःचे घर चालवले. याला मी हिंमत म्हणते.

आता हॉकीकडे वळते. त्यासाठी खडकीहून कुठे जायला नको. आमच्याकडे पूर्वीपासून गोऱ्या पलटणींची छावणी. तिथे हॉकी रुजली ती कारखान्यांच्या वसाहतींतही पसरली. धनराज पिल्ले १९६८ साली आमच्या खडकीतच, कारखान्याच्या वसाहतीत वाढलेल्या घरात जन्मले. मोडलेल्या काठ्या दोरीने बांधून ते भावांबरोबर खेळत, ही गोष्ट आमच्याकडे पोराटोरांना पाठ असे. आमच्या ओळीतली मुलेही तशाच काठ्यांनी, तसल्याच खडबडीत मैदानावर खेळत. एका पावसाळ्यात त्यांचा गोलरक्षक तापाने पडला. कोणी मिळेना म्हणून त्यांनी मला उभे केले. पायांना गोणपाटाच्या घड्या बांधल्या, फ्रॉक खोचला आणि मी उभी राहिले. पहिल्याच दिवशी चेंडू नडगीवर बसला आणि टेंगूळ आले, पण गोल झाला नाही. त्या टेंगळाचा मला जो अभिमान वाटला तो पुढे नव्या मंगळसूत्राचाही वाटला नाही, हे खरे ते लिहिते.

तसे दोन पावसाळे गेले. १९९२ साली धनराज बार्सिलोनाच्या ऑलिंपिकला गेले. त्याच वर्षी मी सातवी झाले. मी मोठी झाले, म्हणजे कोणत्या अर्थाने ते भगिनींना सांगायला नको. आजी म्हणाली, "आता काठी घेऊन हुंदडणे पुरे." पुढची शाळा लांब होती, त्यामुळे शाळेचेही पुरे झाले. एकाच उन्हाळ्यात दोन्ही सुटले. गोणपाटाच्या घड्या आईने पायपुसण्याला घेतल्या. आईवर माझा राग नाही. तिची स्वतःची शाळा तर चौथीतच सुटली होती.

मला तेव्हा वाटे की बायका हॉकी खेळतच नसतील, मीच काय ती जगावेगळी. किती अज्ञान! सरकारने अर्जुन पुरस्कार सुरू केला तो १९६१ साली, आणि त्या पहिल्याच वर्षी हॉकी खेळणाऱ्या अ‍ॅन लम्सडेन या बाईंना तो मिळाला. पाहा, येवल्याच्या ललिताबाईंचा सरकारदरबारी गौरव आणि हॉकीतल्या बाईचा गौरव एकाच वर्षी! १९६५ साली बंगळुरूच्या एल्वेरा ब्रिटो यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. त्यांच्या आणखी दोन बहिणी हॉकी खेळत. एल्वेराबाईंच्या नेतृत्वाखाली म्हैसूरने राष्ट्रीय अजिंक्यपद सात वेळा जिंकले. त्या काळी या खेळात अँग्लो-इंडियन आणि ख्रिस्ती मुलींचाच भरणा असे. कारण उघड आहे. गुडघ्यावरचा झगा घालून मैदानात धावायला इतर घरांतून मुलींना कोण पाठवणार?

बायकांची हॉकी ऑलिंपिकमध्ये आली १९८० साली, मॉस्कोला, म्हणजे माझ्या जन्माच्या वर्षी. रूपा सैनी यांच्या नेतृत्वाखाली आपला संघ गेला आणि चौथा आला. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांत बायकांची हॉकी प्रथमच ठेवली होती आणि सुवर्णपदक आपल्या मुलींनी जिंकले. त्याच दिल्लीत आपल्या पुरुषांच्या संघाला पाकिस्तानने अंतिम सामन्यात सात विरुद्ध एक असे हरवले होते. त्या पराभवाच्या कथा मी वडिलांच्या तोंडून शंभर वेळा ऐकल्या. मुलींच्या सुवर्णपदकाचे त्यांनी एकदाही सांगितले नाही. ते मुद्दाम लपवत नव्हते, त्यांच्या लक्षातच राहिले नव्हते. आणि मौज म्हणजे त्या मुलींच्या कप्तान होत्या एलायझा नेल्सन, आमच्या पुण्याच्या! मी ज्या उन्हाळ्यात पायाचे गोणपाट सोडले, त्याच्या दहा वर्षे आधी पुण्याची मुलगी सुवर्णपदक घेऊन आली होती. हे मला त्या वेळी कोणी सांगितले असते तर निदान आजीशी भांडता तरी आले असते.

पुढचे आपणा सर्वांना आठवत असेल. २०२१ साली टोकियोत आपल्या मुलींनी २ ऑगस्टला बलाढ्य ऑस्ट्रेलियाला एक गोलने हरवले. गुरजीत कौरने गोल केला आणि गोलात सविता पुनिया भिंतीसारखी उभी राहिली. मी त्या दिवशी कुकरच्या शिट्ट्या मोजायची विसरले आणि डाळीचे पिठले झाले. ब्राँझपदकाचा सामना ब्रिटनशी झाला. दोन गोलांनी मागे पडून आपल्या मुली तीन-दोन अशा पुढे गेल्या, आणि शेवटी चार-तीन असा सामना हरल्या. चौथा क्रमांक. मुली मैदानातच रडल्या. इकडे मी पोळपाटावर डोके ठेवून रडले.

त्या दिवसांतली एक गोष्ट अजून माझ्या घशाखाली उतरत नाही. त्या संघात वंदना कटारिया होती. ३१ जुलैला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तिने तीन गोल केले होते. ऑलिंपिकमध्ये अशी कामगिरी करणारी ती पहिली भारतीय स्त्री. त्यानंतर चारच दिवसांनी उपांत्य सामना अर्जेंटिनाशी हरला, आणि हरिद्वारजवळच्या तिच्या गावी काही लोकांनी तिच्या घरापुढे फटाके वाजवले आणि जातीवरून शिवीगाळ केली. तशी तक्रार तिच्या घरच्यांनी पोलिसांत केली. पोर देशासाठी परमुलखात धावते आहे आणि दारात ही हुर्यो!

आता कुस्ती. कुस्तीचे वेड मला आजोळचे. खेड तालुक्यात आमचे आजोळ. तिथल्या जत्रेत आधी रेवड्यांवर लहान पोरांच्या कुस्त्या लागत, मग नारळावरच्या, मग बक्षिसाच्या मोठ्या जोडी. बायकांनी आखाड्याकडे फिरकायचे नाही असा रिवाज. मी मामाच्या माळवदावर पालथी पडून लांबून पाहत असे. लाल माती, हलगीचा कडकडाट, पाठीवर माती घासून सलामी देणारे पैलवान. ढाक कोणता आणि कलाजंग कोणता हे मी त्या माळवदावरच शिकले.

लग्न होऊन मी कल्याणला आले त्याला आता चोवीस वर्षे झाली. आमच्या धाकट्या मुलीने माझे हे वेड उचलले. २०२२ साली ती चौदा वर्षांची होती. एके दिवशी शाळेतून आली आणि म्हणाली, "आई, मला तालमीत जायचंय. आता मुलींना गादीवर शिकवतात."

भगिनींनो, मी काय म्हटले असेन? मला वाटले होते की हा दिवस आला तर मी पेढे वाटीन. पण तोंडातून भलतेच निघाले. "कान चेपतील तुझे. हात राकट होतील. पुढे लग्नाचे कसे व्हायचे? आणि खुराकाचा खर्च कोण करणार?" पोर काही बोलली नाही. दप्तर ठेवले आणि भांडी घासायला बसली. तिला वडिलांनी नाही म्हटले नव्हते, आजीनेही नाही. नाही म्हणाले मी, जिने ढाक आणि कलाजंग ओळखायला शिकवले तीच.

२०२३ च्या मार्चमध्ये सांगलीला बायकांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली. सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने गदा जिंकली. अंतिम कुस्तीत तिच्यासमोर होती वैष्णवी पाटील, आपल्या कल्याणची! मी आणि मुलगी दोघी ती कुस्ती पाहत होतो. मी ओरडत होते, टाळ्या पिटत होते. ती गप्प होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिले, आणि ती नजर मला सोसवली नाही.

पुढच्या वर्षी, ४ मे २०२४ ला, तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. गूगलच्या पानावर एका दणकट पैलवान बाईचे चित्र होते. "आई, ही कोण ते वाच." मी वाचले, मग आणखी शोधून वाचले, आणि दुपारचे जेवण तसेच राहिले.

या बाईचे नाव हमीदा बानू. मूळची उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरची. अलीगढला सलाम पैलवान नावाच्या वस्तादाकडे ती तयार झाली. उंची पाच फूट तीन इंच, वजन १०८ किलो. वर्तमानपत्रे तिच्या खुराकाच्या याद्या छापत: रोजचे साडेपाच लिटरच्या वर दूध, जवळजवळ किलोभर मटण, अर्धा किलो लोणी, जवळपास तितकेच बदाम, सहा अंडी, शिवाय दोन थाळ्या बिर्याणी. बायका तेव्हा आखाड्याच्या जवळपास फिरकत नसत, आणि ही पुरुषांशी लढायची. १९४४ साली मुंबईत गुंगा पैलवानाशी तिची कुस्ती ठरली, तेव्हा वीस हजार माणसे जमली होती. समोरच्या पैलवानाने ऐनवेळी पैशांच्या आणि मुदतीच्या नाही नाही त्या अटी घातल्या, कुस्ती रद्द झाली, आणि चिडलेल्या लोकांनी मैदानाची मोडतोड केली.

१९५४ च्या फेब्रुवारीत तिने जाहीर केले की जो मला कुस्तीत हरवील त्याच्याशी मी लग्न करीन. पतियाळाचा एक आणि कलकत्त्याचा एक, असे दोन नामांकित मल्ल तिने पाडले. मे महिन्यात ती बडोद्याला आली. तिथे छोटा गामा लढणार होता, पण बाईशी कुस्ती करणार नाही म्हणून तो मागे सरला. त्याच्या जागी बाबा पैलवान उतरला. एक मिनिट चौतीस सेकंदांत हमीदाने त्याला अस्मान दाखवले. इतक्या वेळात आपला चहा उकळत नाही! तोवर आपण तीनशेवर कुस्त्या जिंकल्याचे ती सांगत असे. त्याच वर्षी मुंबईत तिने व्हेरा चिस्तिलिन नावाच्या रशियन बाईला मिनिटाच्या आत चीत केले.

ही झाली कौतुकाची बाजू. दुसरी बाजू आपल्या महाराष्ट्राने वाचायलाच हवी. रामचंद्र साळुंके नावाच्या पैलवानाशी तिची कुस्ती ठरली होती. ती इथल्या कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे रद्द करावी लागली. एकदा पुरुष पैलवानाला हरवल्यावर प्रेक्षकांनी तिची हुर्यो उडवली आणि तिच्यावर दगड भिरकावले. पोलिसांना मध्ये पडावे लागले. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री तेव्हा मोरारजी देसाई. आपल्या कुस्त्यांना बंदी होते अशी तक्रार तिने त्यांच्याकडे केली. त्यांनी उत्तर दिले की ती बाई आहे म्हणून बंदी नाही; कुस्त्या भरवणारे तिच्यापुढे लुटुपुटीचे पैलवान उभे करतात अशा तक्रारी आहेत, म्हणून बंदी आहे. नुरा कुस्त्या होत असतील किंवा नसतीलही. पण पुरुषांच्या आखाड्यातही नुरा कुस्त्या होत आल्या आहेत, त्यापायी कोणा पुरुषाचा लंगोट कायमचा खुंटीला टांगला गेल्याचे मी ऐकले नाही.

मग ती युरोपात जाऊन लढणार असे तिने जाहीर केले, आणि त्यानंतर आखाड्यातून तिचे नाव नाहीसे झाले. का? तिच्या नातवाने पुढे सांगितले की तिने युरोपला जाऊ नये म्हणून सलाम पैलवानाने तिला काठ्यांनी मारले आणि तिचे हात मोडले. ज्या हातांनी मिनिटा-दीड मिनिटात पैलवान लोळवले ते हात घरात मोडले.

आणि आता जे लिहिते ते वाचून माझ्यासारखाच तुमच्याही अंगावर काटा येईल. ही बाई पुढे राहिली कुठे? आपल्या कल्याणात! सलाम पैलवान अलीगढला परत गेला आणि ती इथेच राहिली. दूध विकून तिने संसार चालवला. हातात पैसा उरला नाही तेव्हा घरी केलेले खाद्यपदार्थ रस्त्याच्या कडेला बसून विकले. १९८६ साली ती वारली. आपण दूधनाक्यावरून भाजीला जातो, पारनाक्यावर दसऱ्याला फुले घेतो. याच गावात देशातली नामांकित पैलवान बाई दुधाचे माप घालीत होती. चोवीस वर्षे मी इथे राहते. गावात मला तिचे नाव कोणी सांगितले नाही. ते सांगितले परदेशातल्या कंपनीने, तेसुद्धा मोबाइलवर.

त्या दुपारी मला माझ्या तीन आवडींचा मेळ कळला. पडद्यावरची मंथरा, मैदानावरची काठीवाली पोर आणि आखाड्यातली हमीदा, या तिघींना पाहायला लोकांनी गर्दी केली, तिकिटे काढली. आणि पाहून झाल्यावर म्हणाले, बाईने असे असू नये. मान खाली घालणारीचे गुणगान सगळेच करतात, पण लोक मान वर करणारीकडे टक लावून पाहतात आणि मग तिलाच दगड मारतात. मला लहानपणापासून ओढ होती ती या दगड खाणारीची. तिच्या बाजूने कोणीतरी असावे असे वाटत होते.

आणि दुसरी गोष्ट कळली ती जास्त कडू होती. मी स्वतःला तिच्या बाजूची समजत होते. पण माझ्या घरात जेव्हा तशी एक उभी राहिली तेव्हा पहिला दगड मीच भिरकावला. "कान चेपतील, लग्नाचे कसे व्हायचे," हे माझे शब्द. परक्या बाईचे शौर्य पाहताना आपला हात टाळी वाजवतो, आणि आपल्याच मुलीची पाळी आली की तोच हात आडवा होतो. खडकीच्या माझ्या आजीला मी पस्तीस वर्षे दोष देत आले. निदान तिला एलायझा नेल्सन ठाऊक नव्हती. मला तर सगळी सनावळी तोंडपाठ होती.

संध्याकाळी मुलगी आली तेव्हा मी तिला म्हटले, "त्या वेळी माझे चुकले. अजून जायचे असेल तर जा." आईने मुलीपुढे चूक कबूल करायची आपल्यात पद्धत नाही, पण मी केली. ती म्हणाली, "दोन वर्षं गेली गं, आई. माझ्याबरोबरीच्या कितीतरी पुढे गेल्या." मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाली, "पण जाईन."

तेव्हापासून ती जाते. पहाटे साडेचारला उठून मी बदाम वाटते. तिची दोन वर्षे मला भरून देता येणार नाहीत, ती गेलीच. ती मोठी पैलवान होईल असेही मी म्हणत नाही. परवा तिचा कान सुजला होता. मी हळद लावली आणि काही बोलले नाही. त्या सुजेकडे ती आरशात वळूनवळून पाहत होती, तेव्हा मला माझे नडगीवरचे टेंगूळ आठवले.

आता शेवटचे, आणि हे चिटणीसबाईंनी कात्री न लावता छापावे. आपले मंडळ दर संक्रांतीला वाण लुटते. गेली काही वर्षे प्लॅस्टिकचे डबे, स्टीलच्या वाट्या, कापडी पिशव्या आपण दिल्या. आता कोणाच्याच घरी वाट्या ठेवायला जागा नाही. येत्या संक्रांतीला आपण खुराकाचे वाण काढू या. वाटीचे पैसे एकत्र करावेत आणि आपल्या गावात तालमीत किंवा मैदानावर जाणारी, घरची परिस्थिती बेताची असलेली एखादी मुलगी पाहून तिला वर्षभर दूध आणि बदाम पुरवावेत. त्या वाणाला हमीदा बानूचे नाव द्यावे. ज्या गावात तिने दूध विकले, त्या गावातल्या बायकांनी एका मुलीला दूध पाजावे, एवढीच माझी सूचना आहे. पटली तर येत्या सभेत हात वर करा. माझा हात वर असेल.